चोपचिनीचा काढा आणि मुंबईचा खंडकरी वैद्य

गेल्या वैशाखात माझे तोंड आले. परीक्षेची जागरणे, वेळी-अवेळी टपरीवरचा चहा आणि वर आमच्या रोहे-अष्टमीचे ऊन; दुसरे काय होणार? आजीने नाडी धरली नाही की जीभ पाहिली नाही. उष्णता, एवढा एकच शब्द उच्चारून ती माजघरात निघून गेली.

आजीच्या वैद्यकात मुळी रोगच चार: उष्णता, वात, अपचन आणि दृष्ट. त्यांतही उष्णतेचा अंमल सर्वांत मोठा. डोळे चुरचुरले, उष्णता. घोळणा फुटला, उष्णता. धाकटा भाऊ शाळेत मारामारी करून आला तरी उष्णताच. तिच्यावर सब्जा, वाळा, धने-जिऱ्याचे पाणी, कोकमाचे सरबत असे उतारे ठरलेले. या खेपेस मात्र तिने उपळसरीचा काढा फर्मावला आणि मला कुंडलिकेच्या पुलावरून रोह्याच्या बाजारात पिटाळले.

काष्ठौषधींच्या दुकानदाराने आधी चुकून भलताच डबा उघडला. आत तांबूस-पांढरट, गाठाळ, वजनाला जड असे मुळाचे तुकडे होते. नाव विचारले तेव्हा कळले, ती चोपचिनी. कशावर देतात म्हणून विचारले, तर तो आवाज खाली आणून म्हणाला की पूर्वी गरमीवर देत असत. गरमी म्हणजे उष्णताच, अशा समजुतीने मी तीच द्या म्हटले. तेव्हा तो हसला आणि शेजारी उभे असलेले एक वयस्क गृहस्थ खोकले. मराठीत गरमी या शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि तो आजीसमोर उच्चारण्याजोगा नाही, हे मला घरी आल्यावर शब्दकोशात समजले. असो. उपळसरी आणली, काढा प्यालो, चार दिवसांत तोंड बरे झाले. ते काढ्याने की परीक्षा संपल्यामुळे, हे मी आजीजवळ कधी काढले नाही.

पण चोपचिनी हे नाव मनातून जाईना. ते मूळचे फारसी. चोब-इ-चिनी, म्हणजे चीनचे लाकूड. चीनचे लाकूड रोह्याच्या बाजारातल्या डब्यात आले कसे? इतिहासाच्या सरांना विचारले, तर त्यांनी उत्तर देण्याऐवजी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हातात ठेवले. मार्कहॅमने १९१३ साली केलेले ते एका पोर्तुगीज ग्रंथाचे भाषांतर होते. मूळ ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापलेला, आणि त्याचा कर्ता गार्सिया द ओर्ता. सुटीचे दोन महिने मी या माणसाच्या संगतीत काढले. वार्षिकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा दुसरा विषय सुचणे शक्यच नव्हते.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कॅस्तेलो द व्हिदे या गावी झाला. हे गाव स्पेनच्या सरहद्दीला लागून आहे, आणि या भूगोलातच त्याच्या आयुष्याची सारी कहाणी दडलेली आहे. त्याचे आईबाप स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने सर्व ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा सरहद्द ओलांडून हजारो कुटुंबे पोर्तुगालात आली. त्यांत हेही होते. पण पाच वर्षांतच, १४९७ साली, पोर्तुगालच्या राजाने त्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. अशा लोकांना तिकडे नवे ख्रिस्ती म्हणत. म्हणायला ख्रिस्ती, पण शेजाऱ्यांच्या नजरेत कायमचे संशयित. शनिवारी चूल पेटली की नाही, डुकराचे मांस खाल्ले की नाही, याच्यावर लोक डोळा ठेवून असत. गार्सिया जन्मला तो असा, दोन नावांच्या घरात. बाहेर बापाचे नाव फर्नांव, घरात इसाक.

मुलगा हुशार निघाला. स्पेनमधील सालामान्का आणि अल्काला येथे त्याने तत्त्वज्ञान आणि वैद्यक शिकून घेतले. पुढे गावी परत येऊन वैद्यकी केली आणि १५३० च्या सुमारास तो लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापक झाला. आमच्या प्राध्यापकांना हे वाचून बरे वाटेल की त्या काळीही अध्यापकाचा पगार पुरा पडत नसे. पण ओर्ताने ती नोकरी सोडली ती केवळ पगारासाठी नव्हे. पोर्तुगालच्या राजाने पोपकडे इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, मागणी चालवली होती. नव्या ख्रिस्त्यांना देश सोडून जाण्यासही आडकाठी घातली गेली होती. अशा वेळी मार्तिम अफोन्सो द सौझा हा सरदार हिंदुस्थानच्या सागरी दलाचा प्रमुख होऊन निघाला आणि आपला खासगी वैद्य म्हणून त्याने ओर्ताला बरोबर घेतले. मार्च १५३४ मध्ये गलबते लिस्बनहून सुटली आणि सप्टेंबरात गोव्याला लागली. पुढे दोनच वर्षांत पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झाले. म्हणजे ओर्ता वेळेवर निसटला. निदान त्याला तसे वाटले असणार.

पहिली काही वर्षे तो सौझाबरोबर किनाऱ्यावर हिंडत होता. दीव, वसई, मलबार, जिकडे मोहीम तिकडे वैद्य. घारापुरीची लेणी त्याने १५३४ सालीच पाहिली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की चौलशी त्याचा संबंध आला. कुंडलिका आमच्या दारावरून जाते ती पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखावर, एका अंगाला रेवदंडा व दुसऱ्या अंगाला कोर्लई, ही पोर्तुगिजांची चौलची ठाणी. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने त्यांनी १५२१ साली तेथे किल्ला बांधायला घेतला. ओर्ता पुढे याच बुऱ्हाणशहाचा वैद्य आणि मित्र झाला. शहाच्या दरबारात अरब आणि इराणी हकीम होते. त्यांच्याशी याच्या चर्चा होत, अविसेन्नाच्या ग्रंथातील नावांचा कीस काढला जाई. पोर्तुगीज नोकरीतला एक छुपा ज्यू, एक शिया सुलतान आणि इराणी हकीम एका बैठकीत बसून औषधी मुळांची नावे ताडून पाहताहेत, हे चित्र मला फार आवडते. त्याच काळात युरोपात याच तीन धर्मांची माणसे एकमेकांना जाळीत, बुडवीत आणि हाकलीत होती.

सौझा मायदेशी परतला, पण ओर्ता गोव्यातच राहिला. तेथे त्याने घर केले, बाग लावली, नात्यातल्याच ब्रियांदा द सोलिस या श्रीमंत मुलीशी लग्न केले. दोन मुली झाल्या. व्हाइसरॉयपासून इस्पितळातल्या खलाशांपर्यंत सर्वांना तो औषध देई. औषधी आणि रत्नांचा व्यापारही करी. हा भाग मुद्दाम सांगतो. आपल्याकडे थोरांची चरित्रे लिहिताना त्यांचा हिशेब झाकून ठेवण्याची खोड आहे. ओर्ता पैसे मिळवीत होता, आणि त्याच्या घरात दासदासी होत्या. त्याच्या ग्रंथात हाक मारताच मुळे आणि फळे घेऊन येणारी अंतोनिया ही अशीच एक दासी. पुस्तकाच्या पानोपानी तिचे हात दिसतात, तोंड क्वचितच उघडते.

१५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने त्याला मुंबई बेट खंडाने दिले. होय, आपली मुंबई. खंड सालीना सुमारे १४३२ परदांव. आज टाऊन हॉल आहे त्याच्या मागल्या बाजूला त्याचे घर होते असे मानतात. पुढे इंग्रजांनी आपला कोट तेथेच उभारला. तेव्हाची मुंबई म्हणजे माड, भात, मासळी आणि आंबा. वर्षातून दोनदा फळणारा एक आंबा आपल्या मुंबईच्या वाडीत आहे, असे ओर्ताने मोठ्या अभिमानाने नोंदवले आहे. दोन बहरांच्या झाडापुढे व्हाइसरॉयची मेहेरबानी त्याला फिकी वाटत असावी, असा माझा तर्क आहे.

आता त्या ग्रंथाकडे वळू. एप्रिल १५६३ मध्ये गोव्यात तो छापून पूर्ण झाला. मुद्रक योहानेस द एन्देम. हिंदुस्थानात छपाईचे यंत्र येऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती, आणि खिळे जुळवणाऱ्यांचा हात बसलेला नव्हता हे पुस्तकावरून स्पष्ट दिसते. मुद्रणदोषांची यादीच पानेच्या पाने भरली आहे. (आमच्या वार्षिकाच्या मुद्रितशोधकांना हा दाखला उपयोगी पडेल.) ग्रंथात एकूण ५९ प्रकरणे आहेत आणि ती संवादरूपाने लिहिली आहेत. एका बाजूला स्वतः ओर्ता, दुसऱ्या बाजूला डॉक्टर रुआनो नावाचा कल्पित मित्र. रुआनो सालामान्काहून नुकताच आलेला, ग्रीक-लॅटिन ग्रंथ तोंडपाठ असलेला विद्वान. तो म्हणतो अमुक पुस्तकात असे आहे. ओर्ता म्हणतो इथे झाड उभे आहे, ये आणि पाहा. गंमत अशी की रुआनो हाही ओर्ताच. तीस वर्षांपूर्वी गलबतातून उतरलेला पुस्तकी ओर्ता आणि तीस वर्षे पावसाळे पाहिलेला ओर्ता यांचा तो वाद आहे.

मराठी माणसाला हे पुस्तक वाचताना सारखे ओळखीचे चेहरे भेटतात. फणस, आंबा, नारळ, विड्याचे पान, भांग, धोतरा तर आहेतच, पण करवंदही आहे आणि आमचे भिरंडही. एका वस्तूची नावे तो अरबी, फारसी, गुजराती, दख्खनी, मलबारी अशी ओळीने देतो. मालुपा नावाच्या एका हिंदू वैद्याचाही तो उल्लेख करतो. कॉलऱ्याचे त्याने केलेले वर्णन कोणा युरोपीय डॉक्टरने केलेल्या अगदी पहिल्या तपशीलवार वर्णनांपैकी समजले जाते, आणि त्या रोगाचे नाव त्याने येथल्या लोकांच्या तोंडून घेतले. ते नाव म्हणजे आपली मोडशी. पुढे पोर्तुगीज आणि फ्रेंच तोंडांतून या मोडशीचे असे काही हाल झाले की फ्रेंचांनी तिचा अर्थ कुत्र्याचे मरण असा लावला! आजी अजूनही अजीर्णाला मोडशी म्हणते. तिचा हा शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी छापला गेला आहे हे मी सांगितले, तर तिने विचारले, मग त्यावर ओवा घातलेला का?

पुस्तकात चीनच्या मुळावर एक स्वतंत्र संवाद आहे. हीच आपली चोपचिनी. हिचा वेल काटेरी असतो. त्याच जातीतली घोटवेल आपल्या सह्याद्रीच्या रानात मिळते. दक्षिण चीनमध्ये या कुळातील मुळाला तू-फू-लिंग म्हणतात. चिनी वैद्यकाच्या मते शरीरात साचलेली उष्णता, ओल आणि विष ही तिघे मिळून फोड, चट्टे आणि सांधेदुखी आणतात. हे मूळ कापून, भिजवून, मंद आचेवर उकळून काढा घेतला की ती उष्णता आणि विष निघून जाते. त्या देशाच्या दक्षिण भागात आजही उन्हाळी काढ्यांत आणि एका काळ्या, कडवट जेलीत हे मूळ घालतात. आमच्या आजीला चीनमध्ये नेऊन सोडले तर भाषेखेरीज तिची काही अडचण होऊ नये.

सोळाव्या शतकात मात्र या काढ्याला एकदम मोठे काम लागले. १४९० नंतर युरोपात एक नवाच भयंकर रोग पसरला. इटालियन त्याला फ्रेंच रोग म्हणत, फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणत, आणि पोर्तुगिजांबरोबर तो इकडे आला तेव्हा आपल्या भावमिश्राने त्याला फिरंगरोग असे नाव दिले. प्रत्येकाने पाप शेजाऱ्याच्या पदरात घातले. चीनमध्येही तो कॅंटनकडून पसरला. तेथे त्याच्या फोडांना एका लाल फळाचे नाव मिळाले. त्याचीच आपल्याकडे गरमी झाली. यावरचा रूढ उपाय म्हणजे पारा. पाऱ्याची धुरी आणि मलम यांनी दात पडत, हिरड्या सडत, लाळ गळत राही. रोग बरा की औषध, असा प्रश्न पडे. अमेरिकेतून आणलेल्या ग्वायाकम नावाच्या लाकडाचाही काढा देत, पण त्यासाठी रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवीत.

१५३५ च्या सुमारास चिनी व्यापाऱ्यांकडून हे मूळ मलाक्कामार्गे गोव्यात आणि तेथून युरोपात पोहोचले. ना दात पडत, ना उपास काढावा लागत. लोकांनी ते डोक्यावर घेतले. रोग्याने सकाळ-संध्याकाळ कोमट काढा प्यायचा, पांघरुणे घेऊन घाम काढायचा, आणि कित्येक दिवस पथ्य पाळायचे, अशी ती रीत. थेट सम्राट पाचव्या चार्ल्सने आपल्या संधिवातासाठी हा काढा घेतला. त्याचा वैद्य व्हेसेलियस याने १५४६ साली या काढ्यावर एक लांबलचक पत्र छापले. पत्र काढ्याच्या नावाने निघाले आणि त्यातला बराचसा मजकूर गॅलेन या प्राचीन वैद्याच्या शरीरशास्त्रातील चुकांवर होता, ही गोष्ट वेगळी. पण काढ्याबद्दलचा व्हेसेलियसचा सूर फारसा उत्साहाचा नव्हता. बाजारात येणारी मुळे बरीचशी किडकी आणि जुनी असत, आणि बादशहाने घेतले म्हणून औषधाला गुण येत नाही, हे त्याला कळत होते.

ओर्ताजवळ मात्र ताजे मूळ होते, जहाजावरून उतरलेल्या चिनी लोकांना विचारण्याची सोय होती आणि दारात रोगी होते. म्हणून तो चांगले मूळ कसे ओळखावे, काढा किती आटवावा, कोणाला द्यावा, पथ्य काय, याविषयी वैद्याच्या अनुभवाने लिहितो. चीनमध्ये ली शि-चेन नावाचा वैद्य त्याच सुमारास आपला प्रचंड निघंटू लिहीत होता. तो १५९६ साली छापून झाला. पाऱ्याच्या औषधांनी ज्यांचे सांधे आखडले त्यांच्यासाठी तू-फू-लिंग द्यावे असे त्याने लिहिले आहे. आणि आमचा भावमिश्र? त्याने चोपचिनीला द्वीपान्तरवचा, म्हणजे परदेशातून आलेला वेखंड, असे छानदार संस्कृत नाव दिले, ती फिरंगरोगाचा नाश करते असे सांगितले, आणि गुण काय लिहिला, तर उष्ण! म्हणजे चिन्यांच्या मते जी उष्णता काढते, तीच आमच्या शास्त्राच्या मते स्वतः उष्ण. मी दोन-तीन वेळा पान तपासले. मूळ तेच, रोग तोच, काळही तोच. तीन देशांच्या तीन वैद्यांनी तीन हिशेब मांडले. यावरून एवढे तरी दिसते की उष्णता हा शब्द तापमापकावरचा आकडा नव्हे, ती त्या त्या वैद्यकाची भाषा आहे. भाषांतर करताना शब्द जुळतात आणि अर्थ निसटतो, हा अनुभव आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना नवा नाही.

मग काढ्याने रोग बरा होत होता काय? याचे उत्तर आज देता येते. त्या रोगाचा जंतू १९०५ साली सापडला, आणि त्यावरचा खरा उपाय म्हणजे पेनिसिलिन, तो १९४३ पासून. या रोगाची खोड अशी की पहिले फोड आणि चट्टे काही आठवड्यांनी औषधाविना आपोआप मावळतात आणि रोग आत दडून वर्षानुवर्षे राहतो. काढा चालू असताना चट्टे गेले की श्रेय काढ्याला. चोपचिनीचा मोठा उपकार हाच की तिच्या नादाने कित्येकांचा पारा चुकला. ओर्ताला दडलेला रोग दिसणे शक्य नव्हते. डोळ्यांना जे दिसते त्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाची हीच मर्यादा असते. आणि हे लिहिताना मला माझे तोंड आलेले आणि उपळसरीचा काढा आठवतो, म्हणून ओर्ताला हसण्याचा अधिकार मी घेत नाही.

दडून राहण्याची गोष्ट निघालीच आहे, तर ओर्ताच्या आयुष्याचा उरलेला भाग सांगायला हवा.

तो गोव्यात स्थिरावला असताना तिकडे छाया लांबत चालली होती. १५४२ साली सौझा गव्हर्नर होऊन परत आला. त्याच गलबतातून फ्रान्सिस झेवियरही आला. दुसऱ्याच वर्षी जेरोनिमो दियास नावाच्या एका नव्या ख्रिस्ती वैद्याला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात देहान्त शिक्षा झाली आणि त्याचे प्रेत जाळण्यात आले. ओर्ता त्याच गावात, त्याच धंद्यात, त्याच जातीचा. त्या संध्याकाळी तो घरी काय करीत असेल, याचा विचार मी पुष्कळ वेळा केला. १५४६ मध्ये झेवियरने राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशनची मागणी केली, आणि १५६० साली ते आले. तोपर्यंत ओर्ताच्या बहिणी आपल्या कुटुंबांसह लिस्बनहून निसटून त्याच्याकडे आल्या होत्या. ज्या संकटातून पळून यावे, तेच मागोमाग गलबतात बसून येते, असा प्रकार.

ओर्ताचे पुस्तक निघाले ते इन्क्विझिशन आल्यानंतर तीन वर्षांनी. हे ध्यानात घेऊन वाचले म्हणजे पुस्तकाचा रंगच पालटतो. आपण स्पेनमध्ये असतो तर गॅलेन आणि ग्रीकांविरुद्ध बोलण्याचे धाडस केले नसते, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात आहे. औषधांविषयी तो किती मोकळेपणी बोलतो! कोणत्या मुळाला अरब काय म्हणतात, हिंदू काय म्हणतात, कोण चुकले, कोण बरोबर, सारे सांगतो. फक्त स्वतःच्या घराण्याविषयी अवाक्षर नाही. जगातल्या प्रत्येक मुळाचे खरे नाव शोधणाऱ्या या माणसाला आपल्या बापाचे खरे नाव लिहिता आले नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला व्हाइसरॉयला उद्देशून लिहिलेली एक कविता आहे; ती कामोएन्श या पोर्तुगिजांच्या महाकवीची, आणि त्याची छापून आलेली पहिली कविता म्हणून ती ओळखली जाते. मोठमोठी नावे पुस्तकाभोवती तटबंदीसारखी उभी केली आहेत.

ओर्ता १५६८ साली गोव्यात वारला, आपल्या बिछान्यावर. त्याला सन्मानाने कॅथेड्रलमध्ये पुरले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. नातेवाइकांच्या तपासणीत भावाचेही नाव निघाले. तो आयुष्यभर मनाने ज्यूच होता, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. मेलेल्याला शिक्षा देण्याचीही त्या न्यायालयात सोय होती. १५८० साली ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली आणि राख मांडवीत टाकली.

पुस्तक मात्र आधीच निसटले होते. १५६४ साली लिस्बनमध्ये क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती त्याची एक प्रत लागली. त्याने त्याचा लॅटिन संक्षेप करून १५६७ मध्ये अँटवर्प येथे छापला. युरोपभर वाचला गेला तो हाच. संवाद गेले, रुआनो गेला, अंतोनिया गेली, औषधे राहिली. १८८६ साली काउंट फिकाल्यो याने मोठ्या प्रेमाने ओर्ताचे चरित्र लिहिले, पण त्यात ही शेवटची हकीकत नाही. इन्क्विझिशनच्या दप्तरातून ती बाहेर आली १९३४ साली, म्हणजे ओर्ता गोव्यात उतरला त्याला बरोबर चारशे वर्षे झाल्यावर. पणजीला चर्चसमोर जी बाग आहे ती याच गार्सियाच्या नावाची. गेल्या वर्षी सहलीत आम्ही त्या बागेत बसून शेंगदाणे खाल्ले होते. नावाकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते, माझेही नाही.

आमच्या अष्टमीत बेने इस्रायलांचे एक सिनेगॉग आहे. बेने इस्रायल म्हणजे आपले शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने दिलेले ते नाव. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज जहाज फुटून चौलजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. गावावरून त्यांची आडनावे पडली, अष्टमकर, रोहेकर, पेणकर. बहुतेक कुटुंबे आता मुंबईस किंवा इस्रायलला गेली. आजी सांगते, तिच्या लहानपणी शेजारच्या तेलिणीकडे शनिवारी विस्तव मागायला गेले तर ती हसून म्हणे, उद्या ये. सारा गाव जाणत होता, आणि त्यात लपवण्यासारखे काही आहे असे कोणाच्या मनातही येत नसे. चूल बंद असणे हा कॅस्तेलो द व्हिदेत आणि गोव्यात पुरावा होता. कुंडलिकेच्या काठी ते नुसतेच शेजाऱ्याचे नाव होते. ओर्ताची गलबते चौलवरून गेली ती येथून एका भरतीच्या अंतरावर.

परवा पुन्हा त्या दुकानात गेलो. आता मोठ्या ऐटीत चोपचिनीच मागितली, पन्नास ग्रॅम, अभ्यासासाठी असे आधीच सांगून. दुकानदाराने डबा शोधला, धूळ झटकली, तुकडे तराजूत घातले. वर्षातून एखादाच वैद्य मागतो म्हणाला. घरी येऊन एक तुकडा चावून पाहिला. त्याला काहीच चव नव्हती, पिठासारखा लागला. उरलेले तुकडे आजीने पाहिले, हातात घेऊन हुंगले आणि हे कशाला आणलेस म्हणून विचारले. उष्णतेवर, असे मी सांगितले. तिने ते कागदात बांधून उपळसरीच्या शेजारी फळीवर ठेवून दिले आहेत.